आधी तुम्ही जा, अक्का

"बाई, मला आधी जाऊ द्या की," महादेवी म्हणाली.

आम्ही दोघी दुर्बिणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. अंगात इस्पितळाचे हिरवे झगे, हाताला सलाइनसाठी टोचून ठेवलेली सुई, आणि आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. मंगरुळे सिस्टरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, आधी बारबोले, मग बिराजदार. बारबोले म्हणजे मी.

"का हो अक्का? घाई आहे?"

"घाई तर हायच. संध्याकाळची अक्कलकोटची गाडी गाठायची. उद्या अंबूला बघायला गुलबर्ग्याकडचं पावणं येणार हाईत. डॉक्टर म्हणालेत, झाल्यावर दुपारभर पडून राहायचं, मग सोडतो. आधी गेलो तर गाडी मिळंल. मागनं गेलो तर न्हाई मिळत."

तिकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच म्हणायची.

"मुलीला बघायला येणार, आणि तुम्ही आजची तारीख घेतलीत?"

"ह्यांनी दिली ती घेतली. न्हाई म्हटलं तर पुन्हा बोलवत न्हाईत, असं वाटलं मला."

मला काही अडचण नव्हती. माझा त्या रात्री तिथेच मुक्काम होता. माझे यजमान दुसऱ्या दिवशी बार्शीहून मला न्यायला येणार होते. पहिला नंबर काय, दुसरा काय.

"मग आधी तुम्ही जा, अक्का," मी म्हणाले.

सिस्टर आत जाऊन विचारून आल्या. "सर म्हणतात, कोणीही या. त्याने काही फरक पडत नाही."

महादेवी उठली. उठताना तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "उपकार झालं बघा," ती म्हणाली आणि आत गेली. दार लागलं. मला बरं वाटलं. कुणाच्या उपयोगी पडल्यासारखं.

तिची माझी ओळख आदल्या दिवसाचीच. सोलापूरच्या त्या इस्पितळात आम्हाला शेजारशेजारच्या कॉटा मिळाल्या होत्या. मी बार्शीच्या पोस्टात कौंटरवर होते, ती अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातली, घरची पिठाची गिरणी. पण दुखणं दोघींचं एकच. दोघींची पित्ताची पिशवी खडे झाले म्हणून काढलेली, आणि ती काढून चार वर्षं झाली तरी बरगडीखाली उजवीकडे तशीच कळ यायची. कळ आली की माणूस वाकून जमिनीला टेकायचं. तासाभराने जायची आणि मागे काही खूण ठेवायची नाही. सोनोग्राफी स्वच्छ, रक्त स्वच्छ.

"आमची जाऊ म्हणती, भाकरी थापायच्या येळंलाच बरं दुखतं हिचं," महादेवीने मला सांगितलं. "आता तिला काय दाखवू? जखम असती तर फडकं उचलून दाखवलं असतं."

"आणि तुमचे मालक?"

"ते बोलत न्हाईत. जाऊ बोलती तवा ऐकत बसत्यात."

माझ्या घरी तेवढंही उघड नव्हतं. माझे यजमान, दिगंबर, एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. माणूस चांगला. मला चार डॉक्टरांकडे त्यांनीच नेलं होतं. पण चौथ्या डॉक्टरनंतर त्यांनी सगळे कागद एका फाइलीत लावले, फाइल कपाटात ठेवली आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, मंदा. आता मनातून काढून टाक." त्यानंतर कळ आली की मी मोरीत जाऊन बसायची आणि नळ सोडून ठेवायची.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. महादेवीला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात नळ न्हाई. मी गोठ्यात जातो." आणि आम्ही दोघी हसलो. चार वर्षांत त्या दुखण्यावर मी पहिल्यांदा हसले.

त्याच दुपारी डॉक्टर येमूल आमच्या दोघींच्या मध्ये स्टूल घेऊन बसले. चाळिशीचा, किडकिडीत, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी कागदावर पेनाने आमचं पोट काढलं.

"पित्त आतड्यात उतरतं तिथे एक बारीक तोंड असतं, झडपेसारखं. काहींची ती झडप आवळलेली असते आणि म्हणून पिशवी काढूनही दुखत राहतं, असं म्हणतात. दुर्बिणीतून तार घालून ती थोडी कापली की दुखणं थांबतं, असंही म्हणतात. पुष्कळ ठिकाणी कापतात. पण कापल्यानेच थांबतं का, हे कुणी नीट तपासलेलं नाही. ते आम्ही तपासतोय. निम्म्या लोकांची झडप आम्ही कापतो. निम्म्यांना झोपवून दुर्बीण आत घालतो, बघतो आणि बाहेर काढतो. तुमचं काय केलं ते तुम्हाला अभ्यास संपेपर्यंत सांगणार नाही."

"आणि कुणाचं कापायचं हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"कुणीच नाही. बंद पाकिटं ओळीने लावून आलेली आहेत. पेशंटला टेबलावर झोप लागली की सिस्टर पुढचं पाकीट फोडतात. तोवर मलाही माहीत नसतं."

"चिठ्ठी टाकल्यावानी," महादेवी म्हणाली.

"तसंच. आणि अजून एक सांगायचंय. कापताना कधीकधी शेजारचं स्वादुपिंड सुजतं. शंभरात चार-पाच जणांचं. बहुतेक आठवड्याभरात बरे होतात. एखाद्याला फार जड जातं. तुम्ही आत्ताही नाही म्हणू शकता. मी रागावणार नाही."

आम्ही नाही म्हणालो नाही. ते गेल्यावर महादेवीने डोळे मिटून हात जोडले. "सिद्धरामेश्वरा, मला कापायचीच चिठ्ठी येऊ दे." मीही मनातल्या मनात तेच म्हणाले. न कापता परत जायचं म्हणजे त्या जावेसमोर आणि त्या फाइलीसमोर परत जायचं.

सकाळी महादेवीला आत नेलं आणि थोड्या वेळाने ढकलगाडीवरून बाहेर आणलं. तोंड उघडं टाकून ती गाढ झोपली होती. मग मी गेले. घशात कडू फवारा मारला, दातांमध्ये प्लॅस्टिकचं कडं बसवलं, डाव्या कुशीवर वळवलं. सिस्टर म्हणाल्या, "घरचं कोणी आठवा." मला दिगंबर आठवायच्या आतच झोप लागली.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. शेजारच्या कॉटेवर महादेवी बसली होती, पाय खाली सोडून, पदर तोंडात धरून. तिचा नवरा सिद्धाराम पिशवी घेऊन उभा होता. गाडीला अजून वेळ होता.

"अक्का, दुखतंय?"

"पाठीत घुसतंय," ती म्हणाली. "नेहमीचं न्हाई हे."

सिस्टर आल्या, डॉक्टर आले. त्यांनी तिचं पोट दाबलं आणि ती ओरडली. आदल्या दिवसापासून मी तिचा आवाज ऐकत होते, तसा तो नव्हता. सलाइन लागलं, रक्त घेतलं. गाडीची वेळ झाली आणि टळली. सिद्धाराम एकदा मला म्हणाला, "अंबूच्या पावण्यांस्नी निरोप द्यायला पायजे," आणि तसाच उभा राहिला. मग तिला अतिदक्षता विभागात हलवलं.

दुसऱ्या दिवशी दिगंबर आले आणि मी घरी गेले. निघताना त्या विभागाच्या काचेपाशी उभी राहिले. नळ्यांच्या गर्दीत ती दिसली, पण तिने डोळे उघडले नाहीत. डॉक्टर येमूल तिथेच होते. रात्रभर घरी गेले नसावेत. म्हणाले, "स्वादुपिंड सुजलंय. जास्त सुजलंय."

म्हणजे तिला कापायची चिठ्ठी आली होती. एवढं मला कळलं.

माझी कळ थांबली. पहिल्या आठवड्यात मी रोज वाट पाहिली, दुसऱ्या आठवड्यात विसरले. महिन्याने लक्षात आलं की मोरीतला नळ मी उगाच सोडलेला नाही कितीतरी दिवसांत. दर तीन महिन्यांनी इस्पितळातून एक बाई फोन करून विचारायच्या, दुखलं का, किती दुखलं, गोळी घ्यावी लागली का. मी नाही, नाही म्हणायची. माझंही कापलं असणार याबद्दल मला शंकाच नव्हती. तिला सोसलं नाही, मला सोसलं, असं मी धरून चालले.

दिगंबर तर बदललेच. पाहुण्यांसमोर कागद घेऊन माझी झडप काढून दाखवायचे. "आवळली होती. चार वर्षं बिचारी सांगत होती आणि एकाही डॉक्टरला कळलं नाही." एकदा भाजी निवडताना मला म्हणाले, "मला माफ कर, मंदा. मला तेव्हा खरंच वाटलं नव्हतं." मी मान हलवली. पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला एवढ्या जवळचा कधी वाटला नव्हता.

महादेवीची खबर मंगरुळे सिस्टरांकडून मिळायची. दोन महिने ती इस्पितळात होती. पोटात पू झाला, दोनदा काढावा लागला. स्वादुपिंड जवळजवळ गेलंच, त्यामुळे साखरेचा आजार लागला. मग घरी गेली. भेटायला जावं असं मला पुष्कळदा वाटलं. पण मी धडधाकट जाऊन तिच्यासमोर बसायचं, हे जमेना.

तीन वर्षं उलटून गेल्यावर इस्पितळातून बोलावणं आलं. अभ्यास संपला होता. दिगंबरांची शाळा होती, मी एकटीच गेले.

डॉक्टर येमूलांचे केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"निष्कर्ष असा आहे, बाई, की दोन्ही गटांत फरक नाही. कापलेल्यांत जितके बरे झाले, तितकेच न कापलेल्यांतही झाले. आता अशा दुखण्यासाठी आम्ही कापणं बंद केलंय. बाकीचेही करतील."

"आणि माझं?"

"तुमचं कापलं नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "नुसती दुर्बीण?"

"नुसती दुर्बीण."

"मग मला दुखायचं ते काय होतं?"

"दुखत होतं," ते म्हणाले. "ते खरं होतं. थांबलं, तेही खरं आहे. का थांबलं, हे मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर बरं झालं असतं."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. मी उठायला हवं होतं. उठले नाही.

"डॉक्टर, ती पाकिटं ओळीने लावलेली होती ना?"

"हो."

"त्या दिवशी आधी माझा नंबर होता."

त्यांना ते आठवत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पहिल्या दिवसापासून आठवत होतं.

"तो विचार करू नका, बाई."

"पण मी आधी गेले असते, तर ते पाकीट मला आलं असतं. आणि माझं तिला."

"पाकीट आलं असतं. पण तुमचं स्वादुपिंड सुजलंच असतं असं नाही. शंभरात पंचाण्णवांचं सुजत नाही."

"तिचं तरी सुजलं नसतं."

त्यांनी समोरचे कागद नीट लावले. मग म्हणाले, "त्या आल्या नाहीत आज. त्यांचं काय केलं ते त्यांना माहीतच आहे."

मी घरी जाऊन दिगंबरांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? झडप आवळलेली नव्हती, कापलेली नव्हती, आणि तरी थांबलं, असं सांगितलं असतं तर त्यांनी ती फाइल पुन्हा कपाटातून काढली नसती. पण मनातल्या मनात काढलीच असती. पोस्टाच्या कामाला जाते असं सांगून मी पुढच्या आठवड्यात अक्कलकोटची गाडी धरली.

का गेले? तेव्हा मला वाटलं, तिला कळायला हवं. ज्याच्या जिवावर बेतलं त्याला कळायला नको का? आता वाटतं, हे एकटीने ओढवत नव्हतं म्हणून गेले.

घर शोधायला त्रास पडला नाही. गिरणीवाल्यांचं घर म्हटल्यावर बाईमाणसांनीच दाखवलं. ओसरीवर बाजेवर महादेवी बसली होती. मी तिला ओळखलं ते डोळ्यांवरून. बाकी सगळं निम्मं झालं होतं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"पोस्टातल्या बाई," ती म्हणाली. "या. बसा."

अंबू पाणी घेऊन आली. विशीतली, आईच्याच तोंडवळ्याची. गुलबर्ग्याचं ते स्थळ आलं तसं गेलं होतं. नंतर आईला सोडून जायचं नाही म्हणून तिनेच विषय बंद केला होता. ती आत गेल्यावर मी महादेवीला विचारलं, कसं आहे.

"दोन येळंला सुई घ्यावी लागती. भात बंद. चार पावलं चाललं की दम लागतो. पण एक सांगतो बाई, घरात आता मला कोणी नाटक करती म्हणत न्हाई. जाऊ स्वतः सुई टोचती. हे गिरणी बंद करून दुपारी घरी येत्यात, माझ्यापाशी बसत्यात." ती जराशी हसली. "ते जुनं दुखणंबी गेलं. कापलं तवा गेलंच ते. तुमचं?"

"माझंही गेलं."

"तुमचंबी कापलं?"

मी हो म्हणू शकले असते. गाडीत बसल्यापासून मी दुसरंच काहीतरी बोलायची तयारी करत आले होते, आणि ती तयारी झाली होती म्हणूनच मी बोलत गेले. माझं कापलं नव्हतं, हे सांगितलं. पाकिटं ओळीने होती, हे सांगितलं. आपण नंबर बदलला, तेव्हा माझ्या वाटणीचं तुझ्याकडे गेलं, हेही. बोलता बोलता मी तिला कधी अगं-तुगं करायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. नंबराचं तर तिला काहीच वाटलं नाही असं दिसलं. "मीच मागितलं की तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही काय करणार?"

मग तिने बांगड्या मनगटाकडे ओढून घेतल्या. गल्लीतून कुणीतरी शेळ्या घेऊन गेलं. मला वाटलं झालं, सांगून झालं.

"काहीच न करता थांबलं तुमचं?" तिने विचारलं.

"हो."

"मग माझंबी थांबलं असतं की."

माझ्या डोक्यात इतके दिवस पाकिटंच फिरत होती. हे मी पाहिलंच नव्हतं. तिच्या हातात काय राहिलं होतं? एवढं सोसलं, पण त्याने एक दुखणं तरी गेलं, एवढंच. ते मी तिच्या ओसरीवर बसून काढून घेतलं होतं.

"अक्का, डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारख्यांमुळेच आता पुढे कुणाचं कापणार नाहीत."

"चांगलं झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली की कसं, मला सांगता येणार नाही. मग पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, हे आमच्या ह्यांना सांगू नका."

"नाही सांगत."

"न्हाई, तसं न्हवं. त्यांना वाटतं माझं पयलं दुखणं खरं होतं, आत झडप आवळली होती, म्हणून कापायला लागलं. जावंलाबी तेच वाटतं. आता काही न करता आपोआप थांबतंय म्हटलं की..." तिने वाक्य सोडून दिलं. "मग म्हणतील, होतंच काय तवा?"

"पण ते खरंच होतं, अक्का. डॉक्टरही म्हणाले."

"तुम्हाला माहीत, मला माहीत," ती म्हणाली.

थोड्या वेळाने सिद्धाराम आला. भुवयांवर पीठ, खांद्यावर पंचा. मला बघून त्याला आनंद झाला. त्याने कोपऱ्यातल्या गार मडक्यातून सुईची बाटली काढून महादेवीच्या हातात दिली, हातपाय धुतले आणि खाली मांडी घालून बसला.

"तवा आमचं चुकलं, बाई," तो आपणहून म्हणाला. "ही दुखतंय म्हणायची आन् मी गप बसायचा. खरं वाटायचं न्हाई. एवढं झाल्यावर कळलं. तुमचं बरं हाय न्हवं आता? तुमचंबी कापलं होतं की."

महादेवी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "कापलं होतं."

"तुम्हाला सोसलं."

"हो. मला सोसलं."

"नशीब असतंय एकेकाचं," तो म्हणाला. महादेवीने मान फिरवली आणि आत हाक मारून अंबूला चहा टाकायला सांगितलं.

जेवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. महादेवी बाजेवरूनच अंबूला मला काय वाढायचं ते सांगत होती, पण माझ्याशी फारसं बोलली नाही. निघताना मी तिचा हात हातात घेतला. तिने तो घेऊ दिला.

अंबू मला गाडीपर्यंत सोडायला आली. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "आईला लई बरं वाटलं तुम्ही आलात. तुमची आठवण काढती ती. पुन्हा या."

मी येईन म्हणाले. महादेवी त्यानंतर आणखी दोन पावसाळे होती. मी गेले नाही.